जुना लष्करी ट्रक आणि त्याच्या गाळण्या

लष्कराच्या कामासाठीं बांधलेली मालमोटार लष्करांतून निवृत्त झाली म्हणजे तिचें आयुष्य संपतें असें नाहीं. तोफेला नागरी जीवनांत काम नाहीं, मालमोटारीला आहे. तिला चाकें आहेत, अंगांत ताकद आहे, आणि वाईट वाटेनें जाण्याची संवय आहे. म्हणून सरकारी लिलावांत ती विकत घेणारा शेतकरी, लांकडाचा व्यापारी किंवा नुसता हौशी मनुष्य कोठें ना कोठें निघतोच. अडचण येते ती पुढें. गाडी मिळते, पण तिच्या मागें जें लष्कर उभें होतें तें मिळत नाहीं. लष्करांत असतांना तिच्यासाठीं कोठारें होतीं, कारकून होते, कामगार होते; एखादा भाग मागितला कीं तो क्रमांकावरून येत असे. नव्या धन्याच्या अंगणांत ती एकटी उभी असते, आणि तिच्यासाठीं त्याला वरचेवर शोधावी लागणारी वस्तु म्हणजे गाळणी, मोटारकारखान्यांत जिला फिल्टर म्हणतात ती.

हा विषय समजण्यासाठीं एकच गाडी नजरेपुढें ठेवणें बरें. अमेरिकेच्या लष्कराचा एम-३५ नांवाचा ट्रक त्यासाठीं सोयीचा आहे. दुसऱ्या महायुद्धांत जनरल मोटर्सच्या अडीच टनी ट्रकांनीं केलेली कामगिरी प्रसिद्धच आहे. त्यांच्या जागीं यावयाचा म्हणून मिशिगन संस्थानांतील लॅन्सिंग येथील रिओ मोटार कंपनीनें हा ट्रक १९५० च्या सुमारास पुढें आणला. आडवाटेनें अडीच टन ओझें न्यावयाचें, हें त्याचें माप. चांगल्या सडकेवर तो त्याच्या दुप्पट नेतो. शिपाई त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणत. ड्यूस म्हणजे पत्त्यांतील दुर्री. दुर्री आणि वर अर्धा, असा त्या थट्टेचा अर्थ. व्हिएतनामच्या युद्धांत तो जेथें तेथें दिसे. १९९० नंतर नव्या जातीच्या ट्रकांनीं त्याला हळूहळू बाजूला सारलें, आणि जुने ट्रक मोठ्या संख्येनें नागरी लोकांच्या हातीं गेले.

त्यांतील कित्येक आगीच्या बंबाच्या कामाला लागले. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत आग विझविण्याचें काम बहुतांशीं स्वयंसेवकांचीं दलें करतात. शेतकरी, दुकानदार, शिक्षक असे लोक हांक आली कीं हातांतलें काम टाकून धांवतात. नवीन बंब घेण्याइतका पैसा अशा दलांजवळ क्वचित् असतो. तेथील वनखात्याची एक योजना आहे; तिच्याप्रमाणें लष्करानें काढून टाकलेलीं वाहनें या दलांना वापरावयास मिळतात, मालकी मात्र सरकारचीच राहते. एम-३५ वर पाण्याची टाकी व पंप बसविला कीं गवताचा आणि झुडपांचा वणवा विझविणारा बंब तयार होतो. त्याच्या तिन्ही आंसांना इंजिनाचें बळ मिळूं शकतें, त्यामुळें साधा बंब जेथें रुतून बसेल तेथें हा जातो. असा बंब आठवडेच्या आठवडे छपराखालीं उभा असतो, आणि ज्या दिवशीं लागतो त्या दिवशीं तत्क्षणीं लागतो. चढणीवर, धुरांत, वाऱ्याच्या तोंडाशीं त्याचें इंजिन गुदमरून बंद पडलें तर गाडीवरच्या माणसांच्या प्राणावर बेततें. इंजिन असें गुदमरण्याचें अगदीं साधें कारण म्हणजे तुंबलेली इंधनाची गाळणी. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडींत, तुंबलेल्या गाळणींतूनहि इंजिनापुरतें तेल येत राहतें; पूर्ण ओझें घेऊन चढावर जोर लावला कीं तें अपुरें पडतें. म्हणजे दोष नेमका संकटाच्या वेळींच प्रकट होतो.

इंजिनांत तीन वस्तु बाहेरून येतात अथवा आंत फिरतात: हवा, इंधन आणि वंगणाचें तेल. तिन्हींना गाळणी लागते, पण तिन्हींचें गाळणें सारखें नव्हे. पीठ चाळावयाची चाळणी आणि औषधाचें चूर्ण वस्त्रगाळ करावयाचें फडकें यांत जो फरक, तोच येथें.

हवेचें प्रमाण ऐकून नवल वाटेल. एम-३५ च्या ए-२ या सर्वांत प्रसिद्ध उपप्रकारांतील इंजिन सहा सिलिंडरांचें, सुमारें ७.८ लिटर मापाचें आहे. मिनिटाला २६०० फेरे ह्या त्याच्या पूर्ण वेगानें तें फिरूं लागलें म्हणजे मिनिटाला सुमारें १० घनमीटर हवा ओढतें. दहा फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी खोली तीन मिनिटांच्या आंत रिकामी करील इतकी. टर्बोचा पंखा बसविलेला असेल तर याहूनहि अधिक. या हवेबरोबर रस्त्याची धूळ येते. धुळींत वाळूचे कण असतात, आणि वाळू लोखंडालाहि घासते. ती वंगणांत मिसळली कीं सहाणेवरच्या उगाळ्याप्रमाणें सिलिंडराच्या भिंती झिजवूं लागते. लष्करी ट्रकांचा तांडा धुळीच्या रस्त्यानें एकामागून एक जात असल्यामुळें मागच्या गाडीला पुढच्या साऱ्या गाड्यांची धूळ खावी लागते. म्हणून हवेची गाळणी एवढी मोठी, डब्याएवढी केलेली असते. ती तुंबत आली हें दाखविणारी एक लहानशी खूण तिच्या वाटेवर बसविलेली असते. हवा ओढण्यास त्रास होऊं लागला कीं खुणेंत तांबडा रंग दिसतो. तो दिसेपर्यंत गाळणीला हात लावूं नये हें उत्तम. हौशी मालक दर रविवारीं ती काढून झटकतात, व प्रत्येक काढघालींत थोडी धूळ आंतल्या बाजूस पाडतात. साफ करावयाचीच तर वारा आंतून बाहेर आणि मंद जोराचा द्यावा. मग काळोखांत आंत दिवा धरून पाहावें. कागदाला कोठें सुईएवढें छिद्र दिसलें तरी ती टाकून द्यावी.

इंधनाचें गाळणें फार बारीक. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपांतील दट्ट्या व त्याचें घर यांमधली फट अवघी दोनचार मायक्रॉनांची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. एवढ्या फटींत कण शिरला किंवा पाणी गेलें तर दट्ट्या अडकतो, आणि पंप नवा घेण्याचा खर्च कधीं कधीं गाडीच्या लिलावाच्या किंमतीलाहि भारी होतो. म्हणून या ट्रकाला इंधनाच्या गाळण्या एकीपुढें एक अशा बसविलेल्या असतात: पहिली ढोबळ घाण व पाणी अडवते, पुढच्या बारीक कण.

अशी गाळणी मिळवावयाची कशी, हा आतां प्रश्न. येथें लष्कराची शिस्त उपयोगी पडते. लष्कराच्या कोठारांतील प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचें एक व्याकरण आहे. १९७४ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात. नंतरचे दोन कोणत्या देशानें क्रमांक दिला तें सांगतात. उरलेले सात त्या वस्तूचे स्वतःचे. इंजिनाच्या हवेच्या व वंगणाच्या गाळण्यांचा वर्ग २९४०, इंधनव्यवस्थेच्या भागांचा २९१०. चाकांच्या मालमोटारींचा वर्ग २३२०, आणि म्हणूनच या ट्रकाच्या दुरुस्तीच्या सरकारी पुस्तकाचें नांव ‘टी. एम. ९-२३२०-३६१-२०’ असें लांबलचक आहे. त्या नांवाच्या पोटांतच गाडीचा वर्ग दडलेला आहे. १९७४ पूर्वीं क्रमांक अकरा अंकी होता, देशाचे दोन अंक त्यांत नव्हते. अमेरिकेच्या जुन्या वस्तूंना पुढें ते दोन अंक शून्य-शून्य असे मिळाले. तेव्हां जुन्या खोक्यावर अकरा अंकी क्रमांक दिसला तर पहिल्या चारांनंतर दोन शून्यें घालावीं, म्हणजे आजचा क्रमांक तयार होतो. एवढी किल्ली ज्याला ठाऊक नाहीं तो मनुष्य दोन यादींत एकच वस्तु पाहून त्या दोन वस्तु आहेत असें समजतो.

परंतु लष्कर स्वतः गाळण्या करीत नाहीं. त्या कोणत्या तरी कारखान्यानें केलेल्या असतात, आणि त्या कारखान्याचा स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. लष्करी यादींत प्रत्येक वस्तूपुढें कारखान्याची पांच अक्षरांकांची खूण व कारखान्याचा क्रमांक दिलेला असतो. तेथून पुढची वाट सोपी. विक्स, बाल्डविन, फ्लीटगार्ड, डोनाल्डसन अशा गाळण्या करणाऱ्या कंपन्या तुलनेचे तक्ते काढतात. दुसऱ्याचा क्रमांक पाहिला कीं त्याऐवजीं आपली कोणती वस्तु चालेल हें त्यांत सांपडतें. लष्करी क्रमांक, त्यावरून मूळ कारखान्याचा, त्यावरून आजच्या दुकानांतील, अशी ही तीन पायऱ्यांची उतरण आहे. कित्येकदां असें दिसून येतें कीं, लष्करी म्हणून दुर्मिळ वाटणारी गाळणी एखाद्या जुन्या ट्रॅक्टरालाहि लागत होती, आणि ती शेतकी दुकानाच्या फळीवर पडलेली आहे.

तक्त्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवूं नये. ‘बसते’ आणि ‘चालते’ हे दोन निराळे शब्द आहेत. एम-३५ च्या वंगणाच्या गाळण्या दोन डब्यांत असतात. डबा मधल्या बोल्टानें वरच्या डोक्याला आवळलेला असतो, आणि कागदी गाळणी तेवढी बदलावयाची असते. तळची स्प्रिंग गाळणीला वर रेटून डोक्याशीं दाबून धरते. आतां गाळणी चार-पांच मिलिमीटर आंखूड निघाली असें समजा. ती डब्यांत बसेल, डबा आवळला जाईल, तेल गळणार नाहीं, दाबाचा कांटा योग्य आंकडा दाखवील. पण गाळणीच्या टोकाशीं फट राहील, आणि तेलाला जर फट मिळाली तर कागदांतून जाण्याचे कष्ट तें कशाला घेईल? महिनेच्या महिने तें न गाळलेलेंच फिरत राहतें. म्हणून नवी गाळणी जुनीशेजारीं ठेवून उंची, बाहेरचा व्यास, दोन्ही टोकांच्या छिद्रांचे व्यास हीं सारीं मोजून घ्यावीं, आणि तीं लिहून ठेवावीं. अमेरिकन मापें इंचांत असतात; एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मोजपट्टीपेक्षां कॅलिपर बरा. जुनी गाळणी फेंकून देण्याची घाई कधींहि करूं नये. नमुना म्हणून तिची किंमत नव्या गाळणीपेक्षां अधिक आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाहीं. वंगणाच्या गाळणीच्या वाटेवर एक झडप असते. कडाक्याच्या थंडींत तेल काकवीसारखें दाट होतें, किंवा गाळणी पार तुंबते, तेव्हां तेल कागदांतून जाईना झालें म्हणजे ही झडप उघडून त्याला न गाळतांच पुढें सोडते. कोरड्या बेअरिंगापेक्षां मळकें तेल पुरवलें, हा तिचा हिशेब. ही झडप कांहीं रचनांत डब्याच्या डोक्यांत असते, कांहींत गाळणीच्याच पोटांत. कित्येक मालक जुना बोल्टाचा डबा काढून तेथें आजकालची फिरवून बसविण्याची बंद गाळणी लावतात. त्यासाठीं तयार जोडतुकडेहि मिळतात. ही सोय चांगली आहे, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. बोल्ट आवळतांना होणारी सांडलवंड वांचते. पण बाहेरून अगदीं जुळ्या दिसणाऱ्या, एकाच आट्याच्या दोन बंद गाळण्यांपैकीं एकींत झडप असते, दुसरींत नसते. जोडतुकड्यानें डोक्यांतील झडप वाटेबाहेर गेली आणि गाळणीहि झडपेवांचूनची घेतली, तर पहिल्याच थंड सकाळीं बेअरिंगें उपाशी राहतील, किंवा दाबानें कागद चुरगळून त्याचे तुकडे तेलाच्या वाटांत जातील.

कांहीं लोकांना लष्कराच्या मूळ खोक्यांतीलच गाळणी पाहिजे असते. तपकिरी कागदांत मेण लावून गुंडाळलेली, चाळीस वर्षांपूर्वींची वस्तु हातांत आली म्हणजे त्यांना मोठें समाधान वाटतें. ही हौस संग्रहालयाला शोभते; बंबाला नव्हे. कागद टिकला तरी त्याच्या टोकांचा डिंक सुकतो आणि रबराचें कडें दगडासारखें होतें. लष्कराच्या रबरी मालाच्या खोक्यावर रबर कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहींत तयार झालें तें छापण्याची पद्धत आहे. तें वाचावें आणि कडें नखानें दाबून पाहावें. नख उमटत नसेल तर नवें घ्यावें. बसवितांना डोक्याच्या खोबणींत जुनें कडें चिकटून राहिलें नाहीं ना, हें बोट फिरवून पाहावें. एकावर एक अशीं दोन कडीं बसलीं तर थोडा वेळ सारें ठीक दिसतें. मग दाबानें एक निसटतें आणि सारें वंगण कांहीं मिनिटांत रस्त्यावर सांडतें.

या ट्रकाच्या इंजिनाची एक ख्याति आहे, व तीच त्याच्या गाळण्यांची शत्रु झाली आहे. हें इंजिन डिझेलवर चालतें, त्याप्रमाणें विमानाच्या जेट इंधनावर आणि अडचणीच्या वेळीं पेट्रोलवरहि चालावें असें योजलेलें आहे. न्यूरेंबर्ग येथील मान या जर्मन कारखान्यांत मॉयरर या इंजिनियरनें शोधलेली ज्वलनाची पद्धति त्यांत वापरली आहे. इंधनाची धार दट्ट्याच्या माथ्यावरील वाटीच्या भिंतीवर पसरते आणि तेथून वाफ होऊन जळते. (भारतांत १९५९ पासून बनूं लागलेला शक्तिमान ट्रक याच मान कारखान्याच्या सहकार्यानें निघाला, एवढें या घराण्याशीं भारतीयांचें नातें.) निरनिराळ्या इंधनांची घनता निराळी, म्हणून तीप्रमाणें पुरवठा कमीअधिक करणारें एक उपकरणहि पंपाशीं जोडलेलें असतें, जुन्या गाड्यांत तें बहुधा गळूं लागतें, आणि केवळ डिझेल वापरणारे मालक तें वाटेबाहेर काढतात. ‘वाटेल तें इंधन चालतें’ या कीर्तीमुळें लोक त्यांत खरोखरच वाटेल तें ओततात: गाड्यांतून काढलेलें काळें तेल, खाणावळींतलें तळणीचें तेल. इंजिन जळतें खरें; पण काजळी आणि चिकटा गाळण्यांत बसतो, आणि इंधनांत वांचविलेले पैसे गाळण्यांत जातात. हौशी मालकानें हा खेळ स्वतःच्या जबाबदारीवर खेळावा. ज्या गाडीवर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत तिच्या टाकींत शुद्ध डिझेलशिवाय कांहीं घालूं नये.

उभ्या गाडीचें दुखणें आणखी निराळें. हिची इंधनाची टाकी ५० अमेरिकन गॅलनांची. ती अर्धी रिकामी ठेवली कीं रात्रीच्या गारव्यांत आंतल्या हवेंतील ओलावा भिंतीवर दंव होऊन जमतो, आणि पाणी तेलापेक्षां जड म्हणून तळाशीं बसतें. पाणी व डिझेल जेथें भेटतात तेथें सूक्ष्म जंतु वाढतात. त्यांचा काळपट बुळबुळीत थर गाळणींत सांपडला तर नुसती गाळणी बदलून भागत नाहीं. टाकी धुवावी लागते, नाहींतर नवी गाळणीहि आठवड्यांत तशीच होते. उपाय कंटाळवाणे पण सोपे आहेत. टाकी भरलेली ठेवावी. गाळणीखालची तोटी सोडून कांचेच्या भांड्यांत थोडें तेल घ्यावें व तळाशीं पाण्याचा थेंब दिसतो का तें पाहावें. ब्रेकांच्या हवेच्या टाक्यांतूनहि असेंच पाणी सोडावयाचें असतें. अमेरिकेंत २००६ पासून सडकेवरील गाड्यांसाठीं फारच कमी गंधकाचें डिझेल आलें. त्यानंतर जुन्या गाड्यांच्या कित्येक रबरी कड्या आकसून गळूं लागल्या. तेव्हां गळती दिसली कीं गाळणी वाईट निघाली असें लगेच म्हणूं नये, कडी पाहावी.

ब्रेकांचा येथें ओझरता उल्लेख अवश्य आहे, कारण गाळण्यांच्या नादांत त्यांच्याकडे दुर्लक्ष होतें. या ट्रकाच्या ब्रेकांचें तेल एकाच मंडलांत फिरतें. एक नळी फुटली कीं साऱ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९८० नंतर लष्करानें जुन्या प्रकारच्या ब्रेकतेलाऐवजीं सिलिकोनचें तेल घालण्यास सुरुवात केली. हीं दोन तेलें एकमेकांत मिसळावयाचीं नसतात. आपल्या गाडींत कोणतें आहे हें ठाऊक झाल्याशिवाय वरून एक थेंबहि घालूं नये.

गाळण्या बदलल्यानंतरचें पहिलें चालू करणें सावकाशीनें करावें. इंधनाच्या गाळण्यांत हवा भरलेली असते. टाकींतला विजेचा पंप मुख्य बटन फिरवितांच सुरू होतो. तेव्हां गाळणीवरचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहूं द्यावें, मग आवळावा. वंगणाचे डबे रिकामे असल्यामुळें दाब येण्यास वेळ लागतो. म्हणून इंजिन बंद करण्याची मूठ ओढून धरावी, म्हणजे इंधन जात नाहीं, आणि कांटा हालेपर्यंत स्टार्टरनें इंजिन थोडें थोडें फिरवावें. बॅटरीला मधून मधून विसावा द्यावा. मग मूठ सोडून इंजिन चालू करावें आणि मंद गतीनें चालूं द्यावें. टर्बो असलेल्या इंजिनाला बंद करण्यापूर्वींहि अशीच चार-पांच मिनिटें मंद गति द्यावी लागते. इंजिन चालूं असतां दिवा घेऊन प्रत्येक डब्याच्या कांठाखालून कोरडा कागद फिरवावा. ओल लागली तर लगेच बंद करावें. शेवटीं डब्यावर रंगानें तारीख, मैलांचा आंकडा आणि बसविलेल्या गाळणीचा क्रमांक लिहावा. पुढच्या खेपेस ती बदलणारा मनुष्य कदाचित् दुसराच असेल, आणि त्याला तो क्रमांक शोधण्यासाठीं पुन्हां त्या तीन पायऱ्या उतराव्या लागणार नाहींत.